मान डुगडुगणारा सोनेरी नर

बंगळूर, पोळ्याच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पायावर डोकं ठेवतो.

परवा कामावर नव्यानं आणलेल्या सोनेरी अजगराची मान डुगडुगताना दिसली अन् माझं इथलं सगळं बदललं. फोनवर मी लगेच भांडतो, म्हणून लिहून राह्यलो. आईले सांगा, हे पाळायचे साप बिनविषारी आहेत.

माझा मालक नवनव्या रंगाची पिल्लं विकाले सापांच्या जोड्या लावते. म्हणाला, "प्रफुल्ल, हाच नर घे. असा रंग कोणाकडं नाही."

मी म्हटलं, "मान हलते त्याची, हा जन्माचा दोष आहे. पिल्लंबी तशीच निघतील."

"गिऱ्हाईक रंग पाहते, मान नाही. लाव जोडी, नाही तर चालता हो!"

बाबा, कपाशीचं घरचं बियाणं होतं तवा तुम्ही टपोऱ्या बोंडाले भुलत नव्हता. अख्खं झाड निरोगी दिसलं तरच त्याले चिंधी बांधायचे अन् त्याचीच सरकी राखायचे. कॉलेज अर्धवट सोडलं, पण तुमच्या मागं वावरात फिरलो, ते कामी आलं. लई उपकार आहेत तुमचे.

मी नाही म्हटलं. या खेपेले मालकावर हात उचलला नाही, आईची शपथ. वैशूच्या घरी नोकरीवालाच जावई पाहिजे, हे ठाऊक असून नाही म्हटलं. नोकरी गेल्याचं तिले तुम्हीच सांगा, माझा धीर होत नाही.

सोयाबीन फुलावर आलं काय? आईचे गुडघे कसे आहेत? मी जेवतो वेळेवर.

आता त्या नराले ताजं पाणी ठेवतो, पत्र खिशात टाकतो अन् दार लावून निघतो.

तुमचाच,
प्रफुल्ल