सुतकात पाहिलेलं चर्च

लंडन, १५ ऑक्टोबर २०१७

प्रिय सरलाताई,

तुला आणि आईला नमस्कार. माझी तब्येत बरी आहे, ट्रेनिंग नीट चाललंय, खोलीही उबदार आहे. आईचा गुडघा कसा आहे?

मोहनकाका गेल्याचं कळवताना आईने फोनवर बजावलं होतं, "तिकडेही सुतक पाळ हो, देवळाबिवळात जाऊ नकोस." काल सोबतचे लोक वेस्टमिन्स्टर ॲबी पाहायला निघाले. इंग्लंडच्या राजांचा राज्याभिषेक होतो, ते चर्च. मी सुतकाचं सांगितलं, तर वर्तक म्हणाले, "अहो, तिकीट काढून जायचंय, म्युझियमच समजा!" मी तसं समजलो.

आत फरशीखालीही माणसं पुरलेली आहेत. त्यांच्या नावांवरून बूट घालून चालताना कसंतरीच झालं. तेवढ्यात पाद्रींनी सगळ्यांना मिनिटभर थांबून प्रार्थना करायला सांगितलं. माझे हात आपोआप जुळले. तुझ्या मुक्ताच्या बारावीसाठी मागितलं, आईच्या गुडघ्यासाठी मागितलं, स्वतःच्या बढतीसाठीसुद्धा मागितलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, काका आठवलेच नाहीत. विवळवेढ्याच्या जत्रेत ज्यांच्या खांद्यावर बसून मी देवी पाहिली, ते काका.

सुतक मोडल्याचं आईला सांगितलंस तरी चालेल. हे मात्र सांगू नकोस.

पत्र पोचेपर्यंत काकांचा दहावा होऊन गेला असेल. पिंडाला कावळा लगेच शिवला का? फोनवर विचारलं, तर मला वाईट वाटू नये म्हणून तू "लगेच" म्हणशील. म्हणून लिहून विचारतोय. खरं काय ते कळव.

तुझा,
दर्शन