आईची टाकी वाजते

आदरणीय बसवराज दाजींना,

लातूरहून सिद्धरामचा वाकून नमस्कार. आक्काचे गुडघे आणि तुमचं नांदेडचं ऑफिस, दोन्ही हळूहळू का होईना चालत असतील. आम्ही बरे आहोत. (तारामती म्हणते, ‘बरे’ लिहू नका, खरं लिहा.)

तर खरं असं की, गोष्ट तुम्ही आईला दिलेल्या स्टीलच्या पाण्याच्या टाकीची आहे. दिली तेव्हा वाढलेली ताटं निवून गेली, पण तुम्ही ३०४ ग्रेडचं कौतुक सोडलं नाही: क्रोमियममुळे गंज धरत नाही, निकेलमुळे चुंबक चिकटत नाही, भांड्यांपासून डेअरीपर्यंत हेच वापरतात. आईला त्यातलं एवढंच कळलं, की जावयानं दिलंय. नळाचा इथं भरवसा न्हाई, म्हणून ती दिवेलागणीला खलबत्त्यातल्या बत्त्यानं टाकी खालून वर ठोकत जायची. बद्द आवाज खणखणीत झाला की पाणी तिथवर.

आई जाऊन वर्ष होत आलं, आणि आता टाकी दिवेलागणीला आपोआप वाजून राहिली. टक्, टक्, खालून वर. पाणी जिथवर तिथं थांबते. तुम्ही फोनवर म्हणालात, हे स्टील उन्हानं साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं, गार होताना आक्रसतं, त्याचा आवाज. पटलं. दिवसभर ओली पोती टाकून टाकी गार ठेवली. तरी वाजली. मग तारामतीला वाटलं, माल ३०४ नसेलच (माफ करा, शंका तिची). तिनं फ्रिजवरचं चुंबक फिरवलं. कुठंच चिकटेना. फक्त बत्त्याच्या बारीक पोच्यांवर ते अलगद ओढलं गेलं, कुणी बोट धरावं तसं. मार बसला की या स्टीलला तिथं थोडं चुंबकत्व येतं, असं तुम्ही सांगितलंत. हेही पटलं. दाजी, सगळंच पटून राहिलंय अन् भीती जात न्हाई. कारण काल सगळ्यात वर एक नवा पोचा दिसला, आणि बत्ता तर आईच्या मागं आक्कानं नांदेडला नेलाय. तारामती सासूच्या आठवणीनं हळूच म्हणाली, “आत्याबाईंचा हात आता लई वर पोचून राहिला.”

आपला,
सिद्धराम

ता. क. पत्राचं खरं कारण: रविवारी टेम्पो आणा आणि टाकी घेऊन जा. तुमच्याकडं गोदावरी आहे. आईला तिथं पाण्याची काळजी राहणार नाही.

पुन्हा ता. क. टेम्पो आणू नका. हे लिहीपर्यंत अंधारून आलं, आणि आज टाकी वाजलीच न्हाई. तारामती जेवण झाकून ठेवून टाकीला कान लावून बसली आहे. मघापासून तिला समजावून राहिली, “आत्याबाई, रागावू नका. कुठं न्हेत न्हाई तुम्हाला.”