पुंडलिकाने न थांबता पोचवलेलं डिझेल

काशी, डिझेलचे तीन कॅन दर्यात गेले ते आधी लिहिते, आशीर्वाद मागाहून. तीन कॅन, कोरी दोरी, आणि माझ्या होडीची कड फुटली ती वेगळीच. सगळं तुझ्या नवऱ्याने केलं. पुंडलिक माझा धाकटा भाऊ हाय ते मला ठाऊक हाय, पण लगीन तुझ्याशी झालंय.

चि. सौ. काशीबाईला पालघरच्या माहीमहून थोरल्या नणंदेचा, पारूचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायत? जावई कारखान्यातून वेळेवर येतो ना? इथे नातवंडं बरी, मी बरी, डोकं तेवढं जाग्यावर नाय.

तू बोईसरला लेकीकडे, भाविकाकडे निघून गेलीस ते बरोबर केलंस. लग्नाचा फोटो उतरवून त्याच खिळ्यावर नेव्हीच्या जहाजाचा फोटो लावणाऱ्याजवळ कोण राहील? आता माझ्या ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जहाजाची कुंडली सांगतो. पस्तीस वर्षं नोकरी (जहाजाची, याची त्यातली अठरा). भर दर्यात लढाऊ जहाजांना तेल, पाणी, पीठ, कांदे पोचवले, वादळ झालं तेव्हा बेटावरच्या माणसांना पाणी दिलं. स्वतः एक गोळी झाडली नाय. म्हणजे जन्मभर वाढपी! पाचदा इंजिन खोललं, तळ खरवडला, रंग फासून परत दर्यात ढकललं. गेल्या महिन्यात मुंबईला झेंडा उतरवला, आता भंगारात जाणार, म्हणून हा रडतो. आमची जुनी होडी मोडली तेव्हा मी तिच्या फळ्या चुलीत घातल्या आणि वर कालवण शिजवलं.

परवा माझ्या लेकाचा, रामूचा दर्यातून फोन आला, डिझेल संपत आलंय, आणून द्या. कोणीही होडी रामूच्या बोटीला टेकवून कॅन हातात देईल. हा म्हणाला, थांबायचं नाय, लढाईत थांबलं ते जहाज बुडालं. (लढाई कोणाशी, पापलेटांशी?) दोन्ही शेजारी शेजारी पळवायच्या, मधे दोरी, दोरीला कप्पी, कप्पीला कॅन. खलाशी हसत हसत हो साहेब, हो साहेब करतात, आणि हा छाती काढून हुकूम सोडतो. लाट आली, बोट तिकडे, होडी इकडे, दोरी तटकन तुटली. होडी फिरून बोटीवर आपटली. तीन कॅन गेले तरंगत, आणि तुझा नवरा तुटकं टोक धरून ओरडतो, स्पीड सांभाळा!

तुझी नणंद,
पारू

ता. क. त्याला घेऊन जा. मी म्हातारी बाई, माझ्या घरात नेव्ही मावत नाय.

आणखी एक. कॅन चार होते. चौथा दोरी तुटायच्या आधीच पोचला होता. चालत्या बोटीवर, थेंब न सांडता. त्यावरच रामू घरी आला. हे मी पुंडलिकाला बोलले नाय, तूही बोलू नको.

आणखी. तो रोज बाराच्या एसटीला नाक्यावर जातो. बोंबील आणायला, म्हणतो. एसटीतून बोंबील उतरतात होय? बोईसर-पालघरहून आलेली बाई न् बाई उतरेपर्यंत उभा राहतो आणि रिकामी पिशवी घेऊन येतो. उत्तर तू लिहायचंस, भाविकाने नाय. आणि मला नाय, त्याला.