टेपचं बारसं

४ जून १९८८
आज राजारामपुरीत नातवाकडं ऱ्हायला आले. शाहूवाडीचं घर बंद केलं. आंब्याची पाटी बघून कृष्णात म्हणतोय कसा, म्हातारे, झाड कुठं ठिवलंस? दुसरीपतुर शिकलीस की, लिही, म्हणून वही बी त्यानंच दिली. पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर हाय, दूधसंस्थांची कामं करतोय. ह्याच्या बापानं, माझ्या ज्ञानूनं, बघायला पायजे हुतं. हा पाळण्यात असताना ज्ञानू विहिरीत उतरला आणि दोर तुटला. असूं दे. आज रडायचं न्हाय.

६ जून
कॉम्प्युटरातली कामं साठवायचं टेपचं यंत्र आलं, विटेगत जड! कृष्णातनं कॉम्प्युटर उघडून ते बसवलं, वायर खोचली. मला वाटलं झालं. तर म्हणाला, नुसतं जोडून भागत न्हाय, आत नाव लावल्याबिगर कॉम्प्युटर चालवणारं युनिक्स त्याला वळखत न्हाय. म्हटलं, मग रीतसर बारसंच घालूया की! हळदकुकू लावलं, घुगऱ्या वाटल्या. शेजारची बायडाबाई हसून हसून बेजार. यंत्राच्या फटीला तोंड लावून मी कानात सांगितल्यागत म्हटलं, ज्ञानू. मग कृष्णातनं तेच नाव टाईप केलं. टेप घरघरली. वळखलं!

९ जून
कोऱ्या टेपवर कायतरी हाय म्हणं. कृष्णात उतरवून बघणार हाय. टेपवरचं कॉम्प्युटरात उतरवलं की तिथलं आधीचं पुसून त्याच्या जागी हे बसतं, असं सांगत हुता. मला काय कळतंय!

१० जून
टेप उतरवून आल्यावर कृष्णातनं चहात भाकरी कुस्करून खाल्ली, वर मिरची. ज्ञानूच अस्सा खायचा! बाप तर ह्याला आठवत बी न्हाय. जाताना म्हणाला, आये, लई दिसानं पोट भरलं. सव्वीस वर्सांनी कुणी आये म्हटलं. मी ओ दिली.

१२ जून
कृष्णातच्या डाव्या भुवईवर खोक हाय. ती ज्ञानूची, बैलानं मारलेली. बायडाबाईला वळखलं न्हाय त्यानं. कॉम्प्युटरकडं बोट करून मलाच विचारलं, हे काय. टेप आपली आपण फिरतीया. त्याच्या केसांतनं पाणी गळतंय — विहिरीचा वास —

१३ जून
घटकाभर माझा नातू आला. हात धरून म्हणाला, म्हातारे, टेप काढ, मी पुसत चाललोय. लहानपणी तापात धरायचा तसा हात. मग डोळं बदललं.

१४ जून
काढली तर लेक जातोय. ठिवली तर नातू.
दोर तुटला नव्हता. माझ्याच हातनं सुटला. कुणाला सांगितलं न्हाय —
कृष्णाता, टेप काढायच्या खटक्यावर हात ठिवलाय बघ. ज्ञानू मागं हुबा हाय. थंडगार बोटं माझ्या बोटांवर. म्हणतोय, आये, ह्या बारीला तरी सोडू नगंस —
ज्ञानू, बाळा, मला सोडायलाच पायजे—