मांजरीचा वाटा

राजुरा
१२ जानेवारी १९८७

रजनी पोरी, जयभीम.

माझा सुधाकर गेल्यावर मीच तुझं दुसरं लगन लावून दिलं. आता नव्या घरी जुन्या सासूचं पत्र येनं बरं नाई दिसत. म्हणून लिहून पेटीत ठेवते.

ऊर्जानगरच्या क्वार्टरात तू उकडलेल्या आलूवर दूध टाकून, चीज किसून ओव्हनमदी भाजे, तेव्हा मी नाकाले पदर लावे. सुधाकर म्हणे, "माय, चाखून तं पाय." मी नाई चाखलं. सकाळी उरलेल्याचं भांडं रिकामं दिसलं का मी मांजरीचं नाव सांगे, अन् तू तिले झाडू घेऊन हाकले.

ते मीच खात होती, बाई.

काल चंद्रपूरवरून चीजचा डबा आणला. ओव्हन नाई, म्हणून आज गंजात आलू, दूध, चीज टाकून तो चुलीवर ठेवला अन् झाकणावर निखारे टाकले. वरून जरा करपलं, पण वास तोच आला.

आज कोणापासून लपायचं नव्हतं. ती मांजर तं क्वार्टरातच राह्यली. म्हणून तिच्या वाट्याचं अर्धं इथल्या मांजरीले टाकलं.

तुझी,
सुगंधामाय