आत माणसं : शून्य

३ तारीख
लागली एकदाची नोकरी! फळांचं शीतगृह. काम काय, तर काचेच्या खोलीत बसून पडद्यावरचा आकडा बघायचा. आत किती माणसं आहेत ते यंत्र अंगाच्या उबेवरून मोजतं. संध्याकाळी काम संपून शून्य झालं की दार आपोआप लागतं. पाच मिनिटांनी मी 'ठीक' दाबायचं, की मोजणी सकाळपर्यंत बंद. माकडालाही जमेल आणि पगार मात्र माणसाचा.

इथे एक काका आहेत, सव्वीस वर्षं पेट्या उचलतायत. आत जाताना बूट चढवतात आणि आपली एक चप्पल दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवतात, आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून. दार लागायच्या आधी त्यावर बुक्क्या मारून ओरडतात, कोण राहिलंय का रे आत! हसून हसून माझं पोट दुखलं.

६ तारीख
साहेबांच्या कानावर घातलं. चप्पल, बुक्क्या, आरडाओरडा, सगळं बंद. दाराची आतली कडी मोडलीय म्हणून काका दुरुस्तीच्या मागे लागले होते. मी शेरा मारला, यंत्र असताना गरज नाही. काका म्हणाले, यंत्राला आपण दिसतो तोवर ठीक. अडाणी ते अडाणीच.

१० तारीख
सगळ्यांना नवे कोट आले. काय सुरेख! अंगातली ऊब जराही बाहेर जात नाही.

बायकोलाही इथे चिकटवलं, शेजारच्याच खुर्चीवर. बावळट आहे, प्रत्येक गोष्टीला 'पण' लावते. तिच्याकडून घोकून घेतलं : दार लागल्यावर शून्याचा एक झाला, तर यंत्र गडबडलंय. 'पुन्हा मोजा' दाबायचं, मोजणी शून्यापासून सुरू होते, शून्य दिसताच लगेच 'ठीक'. आतून ठकठक आली तर ते गारठ्याने आकसणारे पाइप.

१३ तारीख
संध्याकाळी दार लागल्यावर शून्याचा एक झाला. ठकठकही आली. बायको म्हणाली, काका गेले का बघून येऊ? मी म्हटलं, म्हातारा केव्हाच घरी जाऊन घोरत असेल, बस गप. ती दाबेना, मग मीच दाबलं.

१४ तारीख
काका सकाळी सापडले. आत, दारापाशी.

अंगातला कोट काढून, घडी करून शेजारी ठेवलेला. एवढ्या गारठ्यात कोट कोण काढतं? म्हातारचळ, दुसरं काय! साहेबांनाही मी हेच सांगितलं. यंत्रात दोष नाही, असा अहवालही आला.

बायको एवढंच म्हणाली, खिळ्याला चप्पल असती तर. मग बोलणंच टाकलं.

१५ तारीख
संध्याकाळ. मी घरी जातो म्हणून तिला सांगितलं आणि आत आलो. काकांची ती जागा बघायची होती. कळलं असतं तर हसली असती मला.

अंगात कोट आहे. दारावर आतल्या बाजूलाही आकडा दिसतोय — शून्य. मी इथे उभा आणि शून्य?

दार लागलं.

कडी — मोडकी. खिळ्याला माझी चप्पल नाही.

कोट! अरे देवा, कोट! ऊब बाहेर जातच नाही. काकांना कळलं होतं. तो म्हातारा माझ्यापेक्षा —

काढला. दात वाजतायत. एक! एक झाला! अगं बघ, मी आहे —

शून्य.

नको ना. 'ठीक' दाबू नकोस. मी चुकीचं शिकवलं, मी गाढव, तुझं ते 'पण' म्हण ना एकदा —

आकड्याचा दिवा विझला.

बुटाने ठोकतोय. ऐकू जातंय तिला, नक्की जातंय. म्हणत असेल, पाइ