सासूबाईंचा साधा वर्तमानकाळ

३ जून, सोमवार

सासूबाईंना इंग्रजी शिकायचंय! चौऱ्याऐंशीव्या वर्षी!

काल फोनवर पणती काहीतरी चिवचिवली. माझ्या लेकाची लेक, जन्मल्यापासून परदेशात, मराठीचं नाव नाही. सासूबाई नुसत्या "हो हो बाळा" करत राहिल्या. मग मला विचारलं, "काय म्हणाली गं?" मी सांगितलं, तिची मांजर उशीवर झोपते. "एवढंच? हे तर मलाही येईल. शिकव मला."

लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या तोंडून "थँक यू" निसटलं, तेव्हा "या घरात मडमेची भाषा नको" असं बजावणारी बाई ती हीच. चाळीस वर्षं झाली. मी विसरलेली नाही. त्याही विसरल्या नसाव्यात, कारण "शिकव" म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

५ जून

साध्या वर्तमानकाळापासून सुरुवात. आम्हाला शाळेत सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं – जे रोज करता ते सांगा. सगळा वर्ग आठवला. पॉलिश केलेल्या फरशीचा वास, सव्वीस वेण्या, सव्वीस पांढरे मोजे आणि एका सुरात "आय गेट अप ॲट सिक्स". शेजारच्या खोलीत कुणीतरी पियानोवर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा चुकायचं. किती हलकं वाटायचं तेव्हा सगळं!

सासूबाईंना म्हटलं, काल झालेलं यात नाही, उद्या होईल तेही नाही. रोज होतं तेच. तेच ते, तेच ते.

"म्हणजे बायकांचा काळ," म्हणाल्या आणि घोकायला लागल्या.

७ जून

सहज माझी वाक्यं करून बघितली. मी पाचला उठते. दूध तापवते. त्यांना उठवते, न्हाऊ घालते, केस विंचरते. गोळ्या देते. पाठ चोळते. वीस वाक्यं झाली आणि एकाही वाक्यात मी घराबाहेर जात नाही.

तसं मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, भाजीला. अर्धा तास. तेवढा वेळ समोरची शिवणवाली येऊन बसते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या तेव्हापासून त्यांना एकटं सोडता येत नाही. तीन मजले, लिफ्ट नाही. हे होते तेव्हा निदान आळीपाळीने तरी बाहेर पडायचो.

१० जून

पत्र आलं. शाळेचं!

मार्चमध्ये वेड्यासारखा अर्ज टाकला होता, कुणाला न सांगता. मुलींच्या वसतिगृहात राहून संध्याकाळी इंग्रजी शिकवणारी बाई हवीय. थोरल्या सिस्टर लिहितात, जागा तुमची, फक्त तीस तारखेपर्यंत कळवा. या सिस्टर नवीन, दूरच्या. मराठी येत नाही त्यांना. पण कागदावर तेच बोधचिन्ह, तोच निळा रंग.

"कुणाचं गं?" – सासूबाई.

"शाळेचं. जुन्या मुलींचा मेळावा आहे."

"मग जा की."

"बघू."

पत्र कपाटात, साड्यांखालच्या कागदाखाली ठेवलंय. सात वेळा वाचून झालं.

१३ जून

आज स्वतःच वाक्यं मागायला लागल्या.

"मी काठीने चालते, हे कसं म्हणायचं?"

"पणतीला काय करायचीय तुमची काठी?"

"विचारेल ती. तू सांग."

आय वॉक विथ अ स्टिक. मग "मला खिडकी आवडते". मग "मी सगळं खाते" – धादांत खोटं! भोपळा दिसला की ताट सरकवणारी बाई! मग "मी कुणाला त्रास देत नाही". हे शिकवताना चेहरा सरळ ठेवणं जड गेलं. शेवटी "ती फार छान शिकवते".

"ती कोण?"

"पणतीची बाई," म्हणाल्या. पाठांतर मात्र पक्कं. चमच्याने वाटीवर ताल धरून म्हणतात.

१६ जून, रविवार

फोनवर फक्त "युवर कॅट स्लीप्स" एवढंच बोलल्या. पणती खूश. पण काठी, खिडकी, खाणं – एकही वाक्य वापरलं नाही. एवढं घोकून!

विचारलं तर म्हणे, "जपून ठेवलीत."

१८ जून

आज मी वाईट वागले. उशी वर घे, उशी खाली घे, तिसऱ्यांदा हाक मारली आणि मी ओरडले – "कोंडून ठेवलंय तुम्ही मला! चाळीस वर्षं कोंडून ठेवलंय!"

मी मोरीत नळ सोडून रडले. बाहेर आले तर वही मांडीवर घेऊन बसलेल्या.

"आजचा धडा राहिलाय."

मी धडा घेतला. दुसरं काय करणार?

२१ जून, शुक्रवार

नकार लिहिला. चांगलं वळणदार इंग्रजी लिहिलं, सिस्टरांना अभिमान वाटावा असं. घरच्या जबाबदारीमुळे येता येत नाही, क्षमस्व.

भाजीच्या वेळेलाच टाकून आले. टपालपेटीच्या तोंडाशी हात थोडा थांबला. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, टाकताय ना?" टाकलं. कोथिंबीर विसरले.

घरी आले तर सासूबाईंना घाम फुटलेला, गाल लाल. शिवणवालीच्या गळ्यात फीत उलटी. "आजींचं माप घेत होते," म्हणाली. कशाचं? "झंपराचं." सासूबाई गेली तीस वर्षं एकाच मापाचा झंपर घालतात!

विचारायचं त्राण नव्हतं.

२५ जून

काही नाही. धडा. पाठ चोळली.

२९ जून, शनिवार

सिस्टरांचं उत्तर आलं. उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसले.

लिहितात – तुमचा नकार मिळाला. पण त्याच्या आधी तुमच्या आईंचा फोन आला होता. त्या पाच मिनिटं न थांबता बोलल्या. शी टीचेस व्हेरी वेल, असं चार वेळा सांगितलं. मी तुमच्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

पत्र सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

"पहिलं पत्र तुम्हाला कसं कळलं?"

"कपाट माझं आहे. आणि शिवणवाली दहावी पास आहे. फोनही तिनेच लावून दिला."

"मला न विचारता?"

"तू तरी कुठे विचारलंस? परस्पर नाही म्हणून आलीस."

"आणि तुमचं काय? तुम्हाला कुठे ठेवू मी?"

"माझं मी बघितलंय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. झोपल्या कसल्या! वाक्यं म्हणत होत्या, ओठ हलत होते.

३० जून

सिस्टरांना फोन केला. हो म्हटलं आणि महिनाभराची मुदत मागितली, सासूबाईंची सोय करायला. त्या हसायला लागल्या. कसली सोय? तळमजल्यावरच्या खोलीत दोन खाटा टाकल्यात. खिडकीजवळची सासूबाईंनी त्या फोनवरच मागून घेतलीय.

दुपारी जेवताना सासूबाईंनी आपणहून भोपळा वाढून घेतला. डोळे मिटून सगळा संपवला.